गट नंबर ६३, हाडकी: राखण, मालकी आणि हरकत

मी, रत्नपाल बाळाराम येलवे, वय ६८ वर्षे, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार मौजे कुडशेत, बोर्ली पंचतनजवळ, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, त्याचा या कागदाशी संबंध नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा कागद पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य करत नाही आणि त्यात काही चूक नाही. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट दोन जणांनी लिहू नका म्हणून सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी कालकथित भावना १९ ऑगस्ट २०२४ रोजी अलिबागला रुग्णालयात वारली. बोर्लीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती एकतीस वर्षे परिचर होती. मला दोन मुले. थोरली रचना, पाली येथे प्राथमिक शिक्षिका. धाकटा संघर्ष, वीज कंपनीत अभियंता, राहणार नवी मुंबई. यांच्याशिवाय मला वारस नाही.

२. कुडशेतमधील राहते घर, पडवी आणि मागील न्हाणीघरासह, माझ्या पश्चात संघर्षचे. मागच्या खिडकीतून हाडकीवरचा मोठा बेहडा दिसतो. ती खिडकी ठेवावी की बुजवावी हे त्याने ठरवावे. घर त्याचे आहे.

३. टपालातील बचत दोघांत निम्मी निम्मी. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

४. भावनाची दुर्बीण कुडशेतच्या शाळेला द्यावी. कपाटात बंद करून ठेवणार असतील तर देऊ नये. मुलांच्या हातात पडली पाहिजे, फुटली तरी चालेल. तिचे गमबूट सहा नंबरचे आहेत. रचनाच्या पायाला होत नाहीत. जी बाई हाडकीवर काम करील आणि जिच्या पायाला ते होतील, तिला द्यावेत. तोपर्यंत ते दारामागे आहेत तिथेच राहू द्यावेत.

५. आता मुख्य गोष्ट. गट नंबर ६३, क्षेत्र एक हेक्टर चार आर, ही जमीन माझ्या एकट्याच्या नावावर आहे. वकिलांनी सातबारा आणि सर्व फेरफार पाहून, या जमिनीची व्यवस्था मला एकट्याला लावता येते असे सांगितले आहे. गावात तिला हाडकी म्हणतात. पूर्वी गावातली मेलेली ढोरे तिथे नेऊन टाकत. ओढून नेण्याचे काम आमच्या लोकांवर होते. त्या कामाच्या बदल्यात जमीन वतन म्हणून होती, आणि वतने गेल्यावर ती माझ्या वडिलांच्या नावावर लागली. खाली कातळ, वर झाडे. भात पिकत नाही. बेहड्याची अकरा झाडे, चार जुने आंबे, बाकी सातवीण आणि करवंद.

या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. यंदा सहा घरटी आहेत. ही जमीन कोणाला द्यायची आणि तिथले काम पुढे चालायचे की नाही, यासाठी मी हा कागद लिहायला बसलो. बाकीची कलमे त्यासोबत आली.

६. माझे वडील बाळाराम धाया येलवे यांनी १९५६ नंतर, म्हणजे कोकणात गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले तेव्हा, बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच सुमारास, १९५७ साली, मी जन्मलो. माझ्या बारशाच्या आठवड्यात खोतांचा बैल मेला. खोतांचा माणूस आमच्या अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, "बाळ्या, चल, ढोर वढायचाय." वडील घरातून बाहेर आले. म्हणाले, "बाळाराम म्हणा. आनि ढोर तुमचा हाय."

एवढेच बोलले. हे मला आईने सांगितले. वडिलांनी स्वतः कधी सांगितले नाही. त्यानंतर दोन वर्षे गावात आम्हाला कोणी कामाला घेतले नाही. वडील पहाटे चालत दिघीला जात आणि होड्यांवरचा माल उतरवत. त्यांच्या उजव्या खांद्याला शेवटपर्यंत खड्डा होता. पण नंतर कुडशेतमध्ये आमच्या वाडीतल्या कोणाला ढोर ओढायला बोलावण्याची हिंमत झाली नाही. लोक आपापली जनावरे पुरू लागले. हाडकीकडे कोणी फिरकेना, म्हणून तिथली झाडे वाढली.

मी हे इथे लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते यावाचून कोणी वाचू नये.

७. साधारण २००४ पासून दवाखान्यात बोलणे सुरू झाले की गिधाडे मरत आहेत, आणि जनावरांना दुखण्यावर देतात त्या एका औषधाने मरत आहेत. डायक्लोफेनॅक. ती सुई टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे जातात. दोन वर्षांनी जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. त्या वर्षी आमच्या हाडकीवर एकच घरटे उरले होते. भावना रोज कामावर जाताना थांबून ते पाहत असे. एक दिवस मला म्हणाली, "यांना खायला काय न्हाय. जनावरं सगळी पुरतात. मी हाडकी परत चालू करते."

मी काही बोललो नाही. मी बोलत नाही ही माझी सवय आहे, आणि ती सगळ्यांनी माझा समंजसपणा समजली.

ती ग्रामपंचायतीत गेली, ठराव करून घेतला. मग पहिले जनावर मागायला खोतांच्या घरी गेली. ज्या खोतांचा माणूस आमच्या अंगणाबाहेर उभा होता त्यांचा नातू बाळाजी. त्याचा म्हातारा बैल आदल्या दिवशी मेला होता. मी तिच्यासोबत होतो, म्हणून जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

बाळाजी म्हणाला, "खुशाल न्या, वहिनी. उलट उपकार होतील. तुमच्या वाडीतली चार माणसं पाठवा."

भावना म्हणाली, "माणसं आहेत वाडीत, बाळाजीभाऊ. पण ढोर तुमचं आहे. दोराचं एक टोक तुम्ही धरा, दुसरं मी धरते."

"मी? मी ढोर ओढू?"

"मग पुरा."

"अहो, कातळ आहे सगळा. मे महिन्यात खणणार कसा?"

"ते तुम्ही बघा."

आम्ही परत आलो. बाळाजीने दोन दिवस पहार चालवली. गुडघाभर खड्डा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी बोर्लीचा एक टेम्पो आमच्या दारात थांबला. बाळाजी तोंडाला उपरणे बांधून उतरला. हाडकीच्या बांधावर त्याने दोर हातात घेतला आणि भावनाला म्हणाला, "कोणाला सांगू नका हो, वहिनी."

ती म्हणाली, "मी कशाला सांगू? वास सांगेल की."

तो हसला, मग दोघांनी मिळून बैल उतरवला. मी मागून ढकलला. तेव्हापासून नियम झाला तो आजपर्यंत आहे. ज्याचे जनावर त्याने स्वतः आणायचे आणि स्वतः उतरवायचे. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. तालुक्यात बाळाजीच हा नियम सर्वांना सांगत फिरतो. त्याच्या आजोबांबद्दल माझ्या मनात आजही राग आहे आणि तो मी सोबत नेणार आहे. बाळाजीबद्दल नाही.

८. हे कलम लिहिण्यास मला अकरा वर्षे लागली.

जनावर उतरवण्याआधी भावना तीन प्रश्न विचारायची. कशाने मेलं? सुई कोणी दिली? कधी दिली? उत्तर नीट मिळाले नाही तर जनावर परत. जानेवारी २०१५ मध्ये ती रचनाच्या बाळंतपणाला पालीला गेली होती. हाडकी माझ्याकडे होती. जाताना तिने मला तीन प्रश्न पाठ म्हणायला लावले होते.

कोळीवाड्यातला भिकू चोगले सकाळी त्याची गाय घेऊन आला. भिकू मासेमारी करतो. दारात एकच गाय होती, पोटच्या पोरीसारखी. तो रडत होता. डोक्यावरचा रुमाल काढून गाईच्या तोंडावर टाकला होता. मला त्या माणसाला प्रश्न विचारता आले नाहीत. दुःखात असलेल्या माणसाची चौकशी करणे मला बरे वाटले नाही. मी गाय उतरवून घेतली.

चार दिवसांनी बेहड्याखाली पहिले गिधाड मिळाले. मान खाली लोंबलेली. आठवड्यात पाच. घरट्यात अंडे होते, ते थंड पडले. नंतर कळले की एका खासगी माणसाने त्या गाईला माणसांच्या औषधातली सुई दिली होती, मरण्याआधी दोन दिवस. भिकूला औषधाचे नावही माहीत नव्हते. त्याला कोणी विचारले असते तर त्याने सांगितले असते.

भावना पालीहून आली. बेहड्याखाली उभी राहिली. मला म्हणाली, "भिकूला विचारलं होतं ना?"

मी म्हणालो, "विचारलं. सुई नाही म्हणाला."

त्यानंतर तिने भिकूशी बोलणे टाकले. त्याची बायको शकू दारावर मासे घेऊन यायची, तिलाही परत पाठवू लागली. शकू एकदा अंगणातून मोठ्याने म्हणाली, "का वो वैनी, माज्या बोंबलाला पन सुई टोचलीय का?" भावना आत भांडी घासत राहिली. मी पडवीत वर्तमानपत्र वाचत होतो.

चार वर्षे हाडकीवर एकच घरटे होते. मग दोन झाली, मग हळूहळू वाढली. मी तिला खरे सांगितले नाही. रुग्णालयात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "भिकूला एकदा बोलवा. त्याला म्हणावं, माझा राग गेला." तेव्हाही मी मान हलवली आणि सांगितले नाही. तिने माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून एका निरपराध माणसाला माफ केले.

भिकू हरी चोगले याचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. मागच्या शनिवारी मी त्याच्या घरी जाऊन हे कलम त्या दोघांना वाचून दाखवले. भिकू बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला. शकू म्हणाली, "भाऊ, सगली म्हंतात तुम्ही बोलत न्हाय. आनि बोललात एकदा, ते पन खोटा." मग आत जाऊन तिने चहा टाकला. मी तो घेतला. भिकूला विचारले, साक्षीदार म्हणून सही करशील का? तो म्हणाला, "करीन. पन आता सगल्यांना वाचून दाकवा, निस्ता मला नको." म्हणून ते इथे लिहिले आहे. माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हे कलम विहारात मोठ्याने वाचावे. रचनाने वाचावे, तिचा आवाज पोचतो.

९. भावना आजारी पडण्याच्या आधीपासून एका गोष्टीच्या मागे होती. सरकारी अभयारण्य नाही, वनखात्याची जमीन नाही, पण मालकाने आपल्या मर्जीने पुष्कळ वर्षे निसर्गासाठी राखली आणि तिथे जीव परत आला, अशा जागांची दखल घेऊन सरकारकडून मान्यता मिळते. मला समजले ते असे: मालकी मालकाचीच राहते. जमीन कोणी घेत नाही. मान्यता आपण होऊन मागायची आणि नको झाली तर लिहून परत करायची. भावनाला पाटीची हौस नव्हती. ती म्हणायची, "आपण गेल्यावर कोणीतरी म्हणेल, पडीक जमीन आहे, तोडा झाडं. तेव्हा दाखवायला कागद पाहिजे." टपालात जन्म गेल्यामुळे कागदाचे महत्त्व मला पटते. तिच्या पश्चात मी अर्ज करायचे ठरवले.

एका संस्थेची कल्पिता नावाची मुलगी मदतीला येते. कष्टाळू आहे. तिने अर्ज भरून आणला. त्यात एक वाक्य होते: 'या जागेवर गावातील एका समाजाने शतकानुशतके पारंपरिक पद्धतीने मृत जनावरांची विल्हेवाट लावून गिधाडांचे संवर्धन केले आहे.'

मी पेन मागितले आणि ते वाक्य खोडले.

ती म्हणाली, "काका, हे असू द्या. परंपरा दाखवली की अर्ज मजबूत होतो."

मी म्हणालो, "मग कमजोर जाऊ दे."

"पण खोटं तर नाही ना ते?"

"आम्ही संवर्धन करत नव्हतो. आमच्याकडून ओढून घेत होते."

तिने पान उलटून कोरी बाजू वर केली. मग म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते." मी सांगितले ते असे: 'या जमिनीवर १९५७ पर्यंत आमच्या लोकांकडून सक्तीने मेलेली जनावरे ओढून घेतली जात. त्या वर्षी बाळाराम धाया येलवे यांनी नकार दिला व ते बंद झाले. २००६ पासून भावना रत्नपाल येलवे यांनी स्वतःच्या मर्जीने ही जागा गिधाडांसाठी राखली. ज्याचे जनावर तो स्वतः आणतो.' अर्जात आता हे आहे. मान्यता मिळाली आणि पाटी लागली, तर पाटीवरही हेच चार शब्दांत असावे. परंपरा हा शब्द पाटीवर असेल तर पाटी लावू नये.

१०. अर्जाला दोन्ही मुलांची संमती जोडायची होती. रचनाने सही केली. संघर्षने केली नाही. भावनाच्या पहिल्या स्मृतिदिनी दोघे आले होते. जेवणे झाल्यावर पडवीत विषय निघाला.

संघर्ष म्हणाला, "बाबा, आजोबांनी ज्या कामाला नाही म्हटलं, त्याच कामाचं तुम्ही सर्टिफिकेट घेणार?"

रचना म्हणाली, "आईनं वीस वर्षं केलं ते काय होतं मग? गुलामी?"

"आईनं केलं म्हणून मी गप्प बसलो, ताई. ऑफिसात लोक विचारतात, तुमची आई गिधाडांचं करते ना? आणि एकमेकांकडे बघून हसतात. ते काय समजून हसतात ते मला कळतं. तुला पालीत कोणी विचारत नाही."

"विचारतात की. मी सांगते, हो करते, तुमची गाय मेली तर तुम्ही घेऊन या."

बाळाजी ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "अरे संघर्ष, ओढतो मी. विचार बाबांना. कंबर गेली माझी."

"आज तुम्ही ओढता, काका. तुम्ही गेल्यावर? तुमची मुलं पुण्यात. ताई पालीला. मग गावातल्या एखाद्याची म्हैस मेली की फोन कोणाला जाणार? आमच्या वाडीतल्या पोराला जाणार. जरा ये रे, तुमचीच तर जागा आहे म्हणतील. पन्नास वर्षांत सगळं होतं तसं होईल, आणि वर सरकारी पाटी असेल."

संघर्षचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात उलटसुलट केले. ते चुकीचे नाही. माणसे मरतात, नियम सुटतात, जागा आणि तिचे नाव राहते. मी स्वतः एका सकाळी नियम मोडला होता, आणि मी तर भावनाच्या घरातला.

म्हणून मी संघर्षला सांगितले, संमती देऊ नको, हरकत लिहून दे. त्याने दोन पाने लिहिली. ती मी अक्षरही न बदलता अर्जाला जोडली. कल्पिता म्हणाली, वारसाची हरकत जोडली तर प्रकरण लांबेल. लांबू दे. या जागेला जे मान्यता देतील, त्यांना या जागेचा तिरस्कार का वाटू शकतो हे माहीत असले पाहिजे. अर्ज गेला आहे. तपासणीचे लोक येऊन झाडे, घरटी पाहून गेले. मान्यता मिळेल की नाही मला ठाऊक नाही. न मिळाली तरी पुढचे कलम लागू राहील.

११. गट नंबर ६३, हाडकी, सर्व झाडांसह, माझ्या पश्चात माझी मुलगी रचना हिची. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे. विकायला परवानगी लागते, वारसाला द्यायला नाही. विकू नये अशी अट घातली तर ती टिकणार नाही असे वकील म्हणाले, म्हणून घालत नाही. रचनाला माहीत आहे.

हाडकीवर काम असे चालावे. जनावर मालकाने स्वतः आणावे व उतरवावे. तो फार म्हातारा असेल तर त्याच्या घरातल्या माणसाने. दुसऱ्याला पाठवले तर परत पाठवावे, कितीही वास येत असला तरी. तीन प्रश्न विचारल्याशिवाय काही उतरवून घेऊ नये. विचारायला संकोच करू नये. समोरचा माणूस रडत असला तरी विचारावे. पावसाळ्यात बांध ओलांडताना सांभाळावे, तिथे शेवाळ धरते. ऑक्टोबर ते मे झाडांखाली कुऱ्हाड, फटाके, लाऊडस्पीकर नाही. फोटोवाल्यांना बांधाच्या आत सोडू नये, त्यांनी कितीही मोठ्या माणसाचे नाव सांगितले तरी.

१२. संघर्षला हाडकीतील जमीन नाही. त्याला मी दुसरी गोष्ट देत आहे.

मान्यता आपल्या मर्जीची असते, म्हणून ती परत करता येते. ती परत करण्याचा अधिकार मी संघर्षला देतो. हाडकीवर कोणालाही तो अमक्या वाडीचा, अमक्या जातीचा म्हणून जनावर ओढायला बोलावले असे संघर्षला कळले, तर त्याने एक पत्र लिहावे. रचनाने मालक म्हणून त्यावर सही करून पाठवावे, पाटी काढावी आणि जनावरे घेणे त्या दिवसापासून बंद करावे. संघर्षने पुरावा देण्याची, कारण पटवून देण्याची गरज नाही. रचनाला हे बंधन मान्य आहे. तिचे लेखी पत्र सोबत आहे. संघर्षच्या पश्चात हा अधिकार त्याच्या मुलीला.

रचनाने मला विचारले, "आणि त्यानं रागाच्या भरात उद्याच पत्र लिहिलं तर, बाबा? सहा घरटी आहेत. पिल्लं आहेत आत."

मी म्हणालो, "तर तो लिहील."

"आईला चाललं असतं हे?"

मला माहीत नाही. तिला विचारायच्या पुष्कळ गोष्टी मी विचारल्या नाहीत. पण तिने बाळाजीला 'मग पुरा' असे सांगितले तेव्हा तिलाही ठाऊक नव्हते की तो टेम्पो घेऊन येईल. तो न येण्याची मुभा तिने ठेवली होती. माझ्या वडिलांकडे शेत नव्हते, घर गवताचे होते. त्यांनी एक नकार कमावला आणि आम्ही त्यावर जगलो. तो मी मुलाकडून काढून घेऊन त्याच्या जागी पाटी लावणार नाही.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी संघर्षची नेमणूक करतो. ज्याची हरकत आहे तोच नियम नीट पाळला जातो की नाही ते पाहील.

याचा कच्चा मसुदा मी त्याला मागच्या रविवारी दिला. त्याने उभ्यानेच वाचला. म्हणाला, "वकिलांनी बघितलंय?"

"हो."

"'कारण पटवून देण्याची गरज नाही', हे त्यांचं की तुमचं?"

"माझं."

तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागला. आठवे कलम वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि पान उलटले. शेवटी म्हणाला, "मी मान्य केलं असं तुम्ही कुठेही लिहू नका."

"लिहिणार नाही. तुला काय लिहायचं ते तू लिही." म्हणून शेवटी त्याच्यासाठी जागा सोडली आहे.

१३. माझा अंत्यविधी बौद्धजन पंचायतीच्या पद्धतीने, भावनाचा झाला तसा. भाषणे नकोत. माझ्याबद्दल समंजस होता असे कोणी म्हणू लागले तर आठव्या कलमाचा कागद त्याच्या हातात द्यावा.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे. साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

ठिकाण: कुडशेत, ता. श्रीवर्धन, जि. रायगड
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

सही
रत्नपाल बाळाराम येलवे

साक्षीदार
१. भिकू हरी चोगले, राहणार कोळीवाडा, कुडशेत. (सही)
२. विनेश दत्ताराम तोडणकर, टपाल कर्मचारी, बोर्ली पंचतन. (सही)

व्यवस्थापकासाठी सोडलेली जागा

मी हे मृत्युपत्र दोनदा वाचले. व्यवस्थापक म्हणून काम पाहीन. कलम १२ मधील अधिकार घेतो. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतः येऊन दोर कोणाच्या हातात आहे ते पाहीन. माझी हरकत कायम आहे.

संघर्ष रत्नपाल येलवे
८ फेब्रुवारी २०२६